मदत हवी आहे: भावाला पीपीपी कर्जाबद्दल 'टार्गेट लेटर' आलंय (अमेरिका)

नमस्कार मंडळी,

विषय नाजूक आहे, म्हणून नावगाव लिहीत नाही. माझा मोठा भाऊ न्यू जर्सीत छोटी आयटी स्टाफिंग कंपनी चालवतो, ग्रीन कार्डवर आहे. त्याला फेडरल सरकारी वकिलांचं पत्र आलंय. कोविडच्या वेळी घेतलेल्या पीपीपी कर्जाबद्दल (छोट्या धंद्यांना पगार देता यावेत म्हणूनचं सरकारी योजनेतलं कर्ज) ग्रँड ज्युरीचा, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, तपास चालू आहे आणि दादा त्यात 'टार्गेट' आहे, म्हणजे त्याच्यावर आरोप ठेवला जाण्याची शक्यता आहे. वहिनीला फोनवर धड बोलतासुद्धा येत नव्हतं.

झालं ते असं. ही योजना ज्यात होती त्या केअर्स कायद्यावर २७ मार्च २०२० ला सही झाली. ३ एप्रिलला बँका अर्ज घ्यायला लागल्या आणि सविस्तर नियम आले आदल्या संध्याकाळी. महिन्याच्या सरासरी पगारखर्चाच्या अडीचपट कर्ज मिळणार, ते पगार, भाडं वगैरेंवर खर्च केलं की माफ. पैसे संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे म्हणून सगळ्यांचीच पळापळ. दादाकडे काही जण पगारावर, म्हणजे डब्ल्यू-२ वर होते आणि काही १०९९ वर कंत्राटी (दोन्ही टॅक्सच्या फॉर्मची नावं). १०९९ वाल्यांनी आपला अर्ज आपण करायचा, कंपनीने त्यांना मोजायचं नाही, असा नियम होता. दादाच्या अकाउंटंटने दोघांनाही मोजलं.

ती एक्सेल शीट मी पाहिली आहे. वर डब्ल्यू-२ ची नावं, मग एक मोकळी ओळ, त्याखाली '१०९९' असं लिहून बाकीची नावं आणि शेवटी सगळ्यांची एकच बेरीज. ज्याला लपवायचं असतं तो '१०९९' असं ठळक लिहील का? कर्ज आलं, पगारात आणि ऑफिसच्या भाड्यात गेलं, पुढच्या वर्षी माफही झालं. मायामीत एकाने या योजनेच्या पैशांतून लॅम्बोर्गिनी घेतल्याची बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली होती. माझा दादा त्या पंगतीत बसणारा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

पण आता काय करायचं? तपासाचे दोन एजंट घरी येऊन कार्ड ठेवून गेलेत. दादा म्हणतो, आपण चोरी केलेली नाही, जाऊन सरळ सांगून टाकतो. त्याचा एक मित्र म्हणतो, पैसे भरून टाक, विषय संपला. दुसरा म्हणतो, इतकी वर्षं झाली, आता काही होत नाही. वकील कुठल्या प्रकारचा बघायचा? आणि ग्रीन कार्डाचं काय? कुणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रात असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी क्रिमिनल डिफेन्स वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे. वकील नाही, पण अशा फायली रोज हाताळते.

सगळ्यात आधी दादांना थांबवा. एजंटांना फोन नाही, भेट नाही. ते कार्ड वकिलाकडे द्यायचं. निर्दोष माणूससुद्धा इतक्या वर्षांनी तारखा, आकडे चुकीचे सांगतो आणि मग 'जाणूनबुजून खोटं सांगितलं' हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा वेगळा आरोप लागू शकतो. त्याला शपथेची गरज नसते. तसंच एकही ईमेल, व्हॉट्सअॅप मेसेज, कागद काढून टाकायचा नाही. मूळ प्रकरणात काही निघालं नाही तरी पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा स्वतंत्र आहे आणि त्याला वीस वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

अकाउंटंटलाही फोन नको, मनात कितीही राग असला तरी. तो उद्याचा साक्षीदार आहे. क्रिमिनल प्रकरणात अकाउंटंटशी झालेलं बोलणं वकिलाशी झालेल्या बोलण्यासारखं गोपनीय नसतं. हिशेब तपासायला वकीलच आपला वेगळा अकाउंटंट नेमतो, म्हणजे तो वकिलाच्या संरक्षणाखाली काम करतो.

वकील फेडरल क्रिमिनलमधलाच हवा. कंपनीचे करार किंवा घराची कागदपत्रं करणारा नको. नेवार्क, ट्रेंटन, कॅम्डेनच्या फेडरल कोर्टांत नेहमी उभा राहणारा, जमलं तर पूर्वी सरकारी वकील असलेला बघा. आरोपपत्राच्या आधी किती प्रकरणं मिटवलीत, हे तोंडावर विचारा, कारण तुमची खरी संधी तिथेच आहे. फी टप्प्याटप्प्याने, लेखी ठरवा. क्रिमिनल केसमध्ये 'जिंकलो तर पैसे द्या' म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका, वकिलांच्या नियमांत ते बसत नाही. ऐपतच नसेल तर फेडरल पब्लिक डिफेंडरकडे (सरकारी खर्चाने मिळणारा बचावाचा वकील) चौकशी करा.

आता मुद्द्याचं. बँक फ्रॉड काय, वायर फ्रॉड (फोन, इंटरनेटवरून केलेली फसवणूक) काय, फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. नुसता नियम समजला नाही तर तो गुन्हा होत नाही. म्हणून ती शीट महत्त्वाची आहे, पण नुसती शीट नव्हे. ती तशीच्या तशी बँकेला गेली होती का? तो ईमेल, जोडलेली फाइल, तारीख, हे सगळं वकिलाला द्या. बँकेपुढे सगळं उघड होतं, हे दाखवता आलं तर फार मोठा आधार मिळतो.

मात्र दोन ठिकाणी सरकारी वकील बोट ठेवतील. अर्जावर प्रत्येक हमीसमोर अर्जदाराने आद्याक्षरं घातलेली असतात आणि खोट्या माहितीची शिक्षाही तिथेच छापलेली असते. दुसरं, माफीचा अर्ज. तोवर गोंधळ निवला होता. त्यातही १०९९ वाले मोजले असतील तर 'घाईत झालं' म्हणणं जड जाईल. 'अकाउंटंटने सांगितलं म्हणून केलं' हा बचाव आहे, पण त्याला सगळी खरी माहिती दिली होती, तरच. शिवाय तो घेतला की त्यांच्यातलं सगळं बोलणं उघडं पडतं.

पैसे भरल्याने गुन्हा पुसला जात नाही. पण योग्य वेळी, वकिलामार्फत भरल्याने फरक पडतो. काही प्रकरणं फॉल्स क्लेम्स (सरकारकडे खोटे दावे करण्याविरुद्धच्या) कायद्याखाली दिवाणी तडजोडीत मिटतात. त्यात नुकसानीच्या तिप्पट रक्कम मागता येते, तरी तुरुंगापेक्षा ते बरं. 'इतकी वर्षं झाली' हे विसरा, ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने अशा आरोपांची मुदत दहा वर्षं केली आहे.

ग्रीन कार्डाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. फसवणुकीत दहा हजार डॉलरच्या वर नुकसान धरलं गेलं आणि दोषी ठरले, तर इमिग्रेशन कायद्यात तो 'अॅग्रव्हेटेड फेलनी' (गंभीर गुन्हा) होतो, म्हणजे हद्दपारी जवळजवळ अटळ. तडजोडीत गुन्हा कबूल केला तरी तेच. कबुलीचे असे परिणाम अशिलाला सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडिया खटल्यात ठरवलंय. तरी वेगळा इमिग्रेशन वकील पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा.

आणि ताई, यापुढे इथे काही तपशील लिहू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. दादाला हे सगळं वाचून दाखवलं, तो एजंटांना फोन करणार नाही. बँकेला गेलेला ईमेल वहिनीला सापडला, शीट जोडलेली आहे. नेवार्कच्या दोन वकिलांची वेळ घेतली आहे. एकच विचारते, कंपनीच्या कागदांवर वहिनीचीही सही असते. तिला वेगळा वकील लागेल का?

प्रतिसाद

हो, लागेल. दोघांचं हित पुढे वेगळं होऊ शकतं, एकच वकील दोघांना पुरणार नाही. पहिल्या भेटीतच हे काढा आणि तोवर वहिनींनीही कुणाशी बोलायचं नाही.