दुबईत एकटीने राहायचंय: करामा की जेएलटी? (शारजा सुचवणाऱ्यांनी आधी ट्रॅफिकबद्दल बोलावं)

निवांत_नाही:
मंडळी, सप्टेंबरात दुबईला जॉइन होतेय, ऑफिस इंटरनेट सिटीत. वय 31, लग्न झालेलं नाही, इतक्यात करायचंही नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे "पुढे शाळा जवळ पडेल असं बघा" वाले सल्ले वाचतील. कंपनी 15 दिवस हॉटेल देतेय, मग आपलं आपण. मावसभाऊ म्हणतो डोळे मिटून करामा घे, आपली माणसं, आपलं खाणं, खाली उतरलं की मेट्रो. माझं मत बरोबर उलटं आहे आणि त्यावरच भांडायला बोलावतेय. एकट्या बाईने परदेशात जाऊन परत आपल्याच लोकांत राहू नये. कोथरूडला 6 वर्षं एकटी राहिले, रात्री साडेदहाला आले की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये "काल उशीर झाला वाटतं" ठरलेलं. तेच ऐकायला विमानाने जायचं असेल तर कोथरूड काय वाईट होतं? म्हणून जेएलटी (जुमेरा लेक्स टॉवर्स) नाहीतर मरीना, भाडं जास्त पडलं तरी चालेल. चुकतेय का?

कंदी_पेढा:
चुकताय. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी 12 वर्षं करामात आहे, त्यातली पहिली 5 एकटा काढली. करामा म्हणजे कोथरूड नाही हो, करामा म्हणजे जुनं दादर, खाली दुकानं वर माणसं आणि कोणाला कोणाकडे बघायला वेळ नाही. मल्याळी, फिलिपिनो, गुजराती, पाकिस्तानी सगळे एकाच जिन्यात, तुम्ही किती वाजता आलात ते फक्त नातूरला कळतं (वॉचमनला इथे नातूर म्हणतात) आणि त्याला त्याचे ताप कमी नाहीत. आता दुसरी बाजू सांगतो. मला चौथ्या वर्षी कांजिण्या आल्या, रूममेट दोन दिवसांत पळाला, तर समोरच्या त्रिशूरच्या काकूंनी 9 दिवस दाराबाहेर कंजीचा (भाताच्या पेजेचा) डबा ठेवला, नाव सुद्धा नीट माहीत नव्हतं माझं त्यांना. तुमच्या त्या टॉवरच्या 38व्या मजल्यावर कोण ठेवणार?

तळ्याकाठची:
मी ठेवते 😄 जेएलटीत चौथं वर्ष, एकटी, आणि शेजारच्या लेबनीज मुलीचा पाय मोडला तेव्हा महिनाभर खिचडी मीच पोचवलीये, तर टॉवरमध्ये माणसं नसतात हे डोक्यातून काढा प्लीज. इंटरनेट सिटी आमच्या डीएमसीसी मेट्रो स्टेशनपासून तिसरं स्टेशन आहे. करामातून जेमतेम अर्धा तास असं सगळे सांगतात पण सकाळी आठला बुर्जुमानला ग्रीन लाइनची गर्दी रेड लाइनमध्ये शिरते ते कोणी सांगत नाही, बायकांचा वेगळा डबा आहे हे खरं, पण उभ्यानेच जावं लागतं. आणि ऑफिसनंतरचं काय? इथे संध्याकाळी तळ्याभोवती चालायला जा, ट्रामने बीचवर जा, आपल्यासारखे एकटे शेकड्याने आहेत, कोणाला काही एक्सप्लेन करावं लागत नाही. करामात शनिवारी संध्याकाळी बाहेर पडलं की सगळीकडे कुटुंबं आणि स्ट्रोलर, मी पहिले 8 महिने तिथेच काढलेत म्हणून बोलतेय.

उंटावरचा_शहाणा:
दोघेही हवेत बोलताय. आधी हे सांगा की बाईंकडे चेकबुक आहे का? नाहीये. एमिरेट्स आयडी (इथलं ओळखपत्र) येणार, मग बँक अकाउंट, मग चेकबुक, आणि घरमालक तर वर्षाचं भाडं एक, दोन नाहीतर चार चेकमध्ये आधीच मागतो. म्हणजे पहिले दोन-तीन महिने तुमची इच्छा असो नसो कोणाच्या तरी घरात खोलीच घ्यावी लागणार, मग कसलं जेएलटी आणि कसलं करामा. शिवाय एजंट 5 टक्के, डिपॉझिट 5 टक्के (फर्निश्ड असेल तर 10), आणि देवाला 2000. देवा म्हणजे आपला देव नाही, इथली वीज-पाणी कंपनी, पण पैसे ठेवल्याशिवाय प्रसन्न होत नाही हे दोघांचं सारखंच. आणि दर महिन्याच्या बिलात वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्क्यांचा हाउसिंग फीचा हप्ता, ते घर घेताना कोणीच बोलत नाही. काही टॉवरमध्ये एसीचं बिल वेगळं, डिस्ट्रिक्ट कूलिंगचं, आणि त्यात तुम्ही महिनाभर भारतात असलात तरी ठरावीक आकार पडतोच. आधी विचारा चिलर फ्री आहे का (म्हणजे ते एसीचं बिल मालक भरतो का), मग तळं बघा.

माझं म्हणाल तर इंटरनॅशनल सिटी. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःचं दार, करामाच्या खोलीच्या भाड्यात अजून थोडे घातले की येतो.

निवांत_नाही:
चेकबुकचं खरंच लक्षात नव्हतं आलं, थँक्स. पण इंटरनॅशनल सिटीला मेट्रो कुठाय?

उंटावरचा_शहाणा:
ब्लू लाइन येतेय, 2029 मध्ये.

तळ्याकाठची:
हा हा हा. तोपर्यंत बाई बसच्या रांगेत. आणि वारा फिरला की सांडपाण्याच्या प्लांटचा वास येतो ते पण सांगा ना शहाणे.

उंटावरचा_शहाणा:
पूर्वीइतका नाही येत. आणि ड्रॅगन मार्ट शेजारी आहे.

घामाघूम:
मंडळी, एरिया एरिया काय करताय, हे वाळवंट आहे हे विसरलात का सगळे? मी एरिया बघतच नाही, स्टेशनच्या दारापासून बिल्डिंगच्या दारापर्यंत किती पावलं ते बघतो. जानेवारीत 900 मीटर म्हणजे मजा, कराक चहा घेत घेत घरी. तेच 900 मीटर ऑगस्टमध्ये संध्याकाळी सात वाजता चाला, ऊन गेलेलं असतं पण दमट एवढं की एसीतून बाहेर आल्या आल्या चष्म्यावर वाफ धरते, समोरचं दिसत नाही, घरी पोचेपर्यंत शर्ट पिळून काढावा. जून ते सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांना काम द्यायला सरकारचीच बंदी असते, यावरून समजून घ्या. कुटुंबवाल्याचं भागतं, कोणीतरी गाडीने घ्यायला येतं, नाहीतर घरात माणसं असतात म्हणून तो बाहेरच पडत नाही. एकट्याचं तसं नाही, दूध संपलं तरी आपणच, कंटाळा आला तरी आपणच. चालायला जमलं नाही की माणूस चार महिने ऑफिस-खोली-ऑफिस करतो आणि मग म्हणतो दुबईत मन लागत नाही. मन लागेल कसं, बाहेर पडलायस कुठे तू? आणि गाडी घेऊ म्हणाल तर आपलं भारतीय लायसन्स रहिवासी झाल्यावर चालत नाही, क्लास, टेस्ट, परत टेस्ट, मला 7 महिने लागले. त्यावर गर्दीच्या वेळी सालिकचा टोल 6 दिरहम, 2025 च्या जानेवारीअखेरपासून. थोडक्यात पहिलं वर्ष पायीच. म्हणून घर बघायला दुपारी दोन वाजता जा. एजंट संध्याकाळी सातनंतर बोलावतो, त्याला माहिती असतं का ते.

कंदी_पेढा:
हे मात्र सोळा आणे. आणि बघा, चालण्याच्या हिशोबातही करामाच जिंकतं, ग्रोसरीवाला एक दही सुद्धा घरी आणून देतो 😀

तळ्याकाठची:
जेएलटीत पण देतो, करामाने पेटंट घेतलंय का?

रोला_ते_देरा:
शारजाला इतकं का हिणवता? अल नहदा बघा, एका बाजूला दुबई एका बाजूला शारजा, रस्ता ओलांडला की भाडं उतरतं. मी 9 वर्षं राहतोय, शांत, स्वस्त, दारू नाही, दंगा नाही.

उंटावरचा_शहाणा:
रस्ता ओलांडायला सकाळी पाऊण तास लागतो तेवढं लिहायचं राहिलं.

अर्धी_खोली:
सगळं वाचतोय. एक गोष्ट राहतेय म्हणून लिहितो, जरा लांब होईल. इथे सगळे "एकटा माणूस" म्हणताय पण एकटी बाई आणि एकटा पुरुष यांना दुबई वेगवेगळी दिसते. बाईंना करामात काय जेएलटीत काय, घरमालक दार उघडतो, लेडीज ओन्ली म्हणून जाहिराती भरलेल्या असतात. पुरुष म्हटला की बॅचलर, आणि बॅचलर म्हटलं की "सॉरी, फॅमिली बिल्डिंग". शारजात तर फॅमिली एरियातून बॅचलर लोकांना काढायच्या मोहिमाच होतात, रोलावाले तुम्ही बायकोमुलांसकट आहात म्हणून शांतता दिसते तुम्हाला. मी आलो तेव्हा पगार बेताचा, रिग्गाला एका फ्लॅटमध्ये पार्टिशन घेतलं. पार्टिशन म्हणजे हॉलमध्ये जिप्सम बोर्ड ठोकून केलेली खोली, माझ्या वाट्याला अर्धी खिडकी आली होती, उरलेली अर्धी पलीकडच्याची, तो उघडायचा तेव्हा मला वारा. 2025 च्या जूनमध्ये पालिकेने धडाका लावला, रिग्गा, मुरक्काबात, सतवा, बरशा, रफ्फा, जिथे जिथे अशी दाटी तिथे तपासणी. आमच्या मुख्य भाडेकरूने रात्री साडेनऊला मेसेज टाकला की उद्या दुपारपर्यंत रिकामं करा, बोर्ड काढायचेत. त्या महिन्याचं भाडं दिलेलं, डिपॉझिट दिलेलं, फोन बंद. एजारीवर (भाडेकराराच्या सरकारी नोंदीवर) माझं नाव नाही, पावती नाही, तक्रार कोणत्या तोंडाने करणार? बॅगा घेऊन मेट्रो स्टेशनच्या एसीत बसलो होतो तीन तास, मग एका मित्राच्या मित्राने बेडस्पेस (खोलीत एका पलंगापुरती जागा) दिली, कुसैसला.

तेव्हा ताई, एरिया नंतर ठरवा. खोली घेताना आधी बघा की ती भिंत बिल्डरने बांधलीय का, मालकाची लेखी परवानगी आहे का, आणि सोबत राहणारी म्हणून तुमची नोंद दुबई रेस्ट या सरकारी ॲपवर होणार आहे का. ती करणं 2022 पासून सक्तीचं आहे, तरी शंभर कारणं देतात. कारणं द्यायला लागला की निघायचं तिथून.

निवांत_नाही:
ताई नको म्हणा, बाकी सगळं मान्य. खरंच वाईट वाटलं वाचून. पुरुषांच्या बाजूने मी विचारच केला नव्हता, मला वाटत होतं एकटं असण्याची कटकट फक्त बायकांनाच.

रोला_ते_देरा:
अर्धी_खोली, तुमचं बरोबर आहे, मी फॅमिलीवाला आहे. पण 16 एप्रिल 2024 चा पाऊस आठवतो का, 75 वर्षांतला सर्वात मोठा म्हणे. आमच्या बिल्डिंगखाली कमरेएवढं पाणी, लाइट नाही, लिफ्ट बंद, तेव्हा हेच बॅचलर लोक टायरच्या ट्यूबवरून पाणी-ब्रेड पोचवत होते वर. नंतर त्यांनाच नोटीस लागली. मलाही पटलं नव्हतं तेव्हा.

घामाघूम:
त्या पावसानंतर मेट्रोची काही स्टेशनं मे उजाडला तरी बंद होती हे पण लक्षात घ्या, मेट्रोवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी. (होय, मीच तो. माणसाला स्वतःच्या विरोधात पण बोलता आलं पाहिजे.)

उंटावरचा_शहाणा:
डिस्कव्हरी गार्डन्सचं नाव कोणीच का घेत नाहीये? झाडं आहेत, लाल लाइनच्या फाट्यावर स्वतःचं स्टेशन आहे, जेबेल अलीचं मंदिर टॅक्सीने जवळ. मुघल क्लस्टर नावाच्या बिल्डिंगा आहेत, मराठी माणसाने तिथे जाऊन राहणं हा वेगळाच आनंद.

तळ्याकाठची:
😂 पण इमारती जुन्या झाल्यात, एसीचा आवाज ट्रकसारखा. तरी तुमच्या आधीच्या सल्ल्यापेक्षा बराच बरा.

कंदी_पेढा:
मला मूळ मुद्द्यावर यायचंय, कारण बाईंनी भांडायला बोलावलंय आणि सगळे चिलर आणि चेकमध्ये शिरले. "आपल्या लोकांत राहू नये" हे मला पटत नाही. तुम्हाला आपली माणसं नकोयत की चौकशा नकोयत? चौकशा मलाही नको होत्या. पण जेएलटीत कोणी विचारत नाही म्हणून सुटल्यासारखं वाटतं ते पहिलं वर्ष, पुढे आठवडा आठवडा कोणीच विचारत नाही हे खटकायला लागतं. माझ्या ऑफिसातला एक मुलगा होता मरीनात, गणपतीत माझ्याकडे आरतीला आला आणि स्वयंपाकघरात उभा राहून नुसता बडबडत होता, रात्री दीड वाजेपर्यंत. त्याला आरती पाठ नव्हती, त्याला बोलायचं होतं.

निवांत_नाही:
दादा, हे ऐकून गप्प बसले मिनिटभर, पण तो मुलगा तुमच्याकडे आला ना? मेट्रोत बसून आला आणि रात्री परत गेला. मलाही तेच हवंय, मला वाटेल तेव्हा यायचं आणि वाटेल तेव्हा निघायचं. मी जिथे झोपते तिथे नको. मोदकासाठी अर्धा तास प्रवास करायला माझी काहीच हरकत नाही, तोच अर्धा तास रोज ऑफिससाठी उभ्याने करायला आहे.

तळ्याकाठची:
👏

कंदी_पेढा:
हं. वादाला चांगल्या आहात.

निवांत_नाही:
पण चेकबुकचा मुद्दा खोडता येत नाहीये. म्हणून पहिले तीन महिने खोली, बायकांच्याच फ्लॅटमध्ये, भिंत खरी आणि नोंद झालेली असेल तरच. करामात मिळाली तर करामात, काकू कंजी देत असतील तर नाही म्हणणार नाही. मग डिसेंबरात जेएलटी आणि ते मुघल क्लस्टर दोन्ही बघते. दुपारी दोन वाजता.

घामाघूम:
डिसेंबरात दुपारी दोनला काय डोंबल कळणार, मस्त हवा असते! दोन ठिकाणं आत्ता सप्टेंबरातच बघून ठेवा, हॉटेलात आहात तोवर.

कंदी_पेढा:
बरं, आलात की इथेच कळवा. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन नर्स आहेत, त्यांच्याकडची एक खोली रिकामी होतेय, कागदपत्रं सगळी नीट. नातूरला सांगून ठेवतो, चांगला माणूस आहे, लक्ष ठेवेल.

निवांत_नाही:
"लक्ष ठेवेल." बघा, शेवटी तुम्हीच बोललात 😄