टॅक्रोलिमसची लेव्हल: गोळी आधी की रक्त आधी?

कोथरूडकर:
वडिलांची किडनी बदललीय. शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस सकाळ-रात्री ८ ला, जोडीला मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. टॅक्रोलिमसच्या रक्तातल्या लेव्हलसाठी लॅबचा माणूस घरी साडेआठला येतो. तोवर गोळी थांबवायची का? शिवाय घसा धरला म्हणून फॅमिली डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलंय, ते चालेल ना? आणि एकाच कामाला तीन औषधं का?

जांभळी_नळी:
आधी रक्त, मग गोळी. रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी उरलेली, म्हणजे तळाची पातळी बघायची असते, त्यामुळे साडेआठ चालेल. डबी हाताशी ठेवा, सुई निघाली की गोळी घ्या. गोळी घेऊन तासाभराने रक्त दिलं तर आकडा फुगतो, तो बघून डोस कमी होतो आणि रिजेक्शनला (शरीराने किडनी नाकारण्याला) वाट मिळते. रात्रीच्या गोळीची नेमकी वेळ फॉर्मवर लिहायला लावाच. बहुतेकदा तो रकाना कोराच असतो!

औषधवाला_सदाशिव:
क्लॅरिथ्रोमायसिन सुरू करू नका, आधी नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) फोन. टॅक्रोलिमस मोडणारं यकृत-आतड्यातलं एन्झाइम ते अडवतं. लेव्हल चढते, हात थरथरतात, किडनीवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वाढतं. बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलचंही तेच. टीबीवरचं रिफाम्पिसिन नेमकं उलटं, लेव्हल पाडतं. गणपतीत येणारं पपनसही नको. जुलाब लागले तरी लेव्हल वाढू शकते, तेव्हा कळवा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वर्ज्य. आणि दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीची गोळी पुढे केली तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

तीन का? टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिन हे पेशीतलं एन्झाइम रोखतं, म्हणून प्रतिकारशक्तीची टी-पेशी इंटरल्युकिन-२ हा रासायनिक निरोप बनवून बाकीच्यांना चेतवू शकत नाही. मायकोफेनोलेट डीएनएचा नवा कच्चा माल बनू देत नाही. इतर पेशी जुना माल पुन्हा वापरतात, लिम्फोसाइट्सना (टी-पेशींसारख्या पांढऱ्या पेशींना) तेवढ्यावर भागत नाही, म्हणून त्यांची वाढ खुंटते. प्रेडनिसोलोन दाह दाबतं. एकट्या टॅक्रोलिमसवर भागवायचं तर डोस इतका लागेल, की नवी किडनी त्यानेच बिघडेल.

पर्वतीपायथा:
एक राहिलं: कबुतरं. बाल्कनीतली वाळकी विष्ठा वडिलांनी झाडू नये. तिच्यातली क्रिप्टोकॉकस बुरशी श्वासातून फुफ्फुसात आणि तिथून मेंदूपर्यंत जाऊ शकते. दुसऱ्याने मास्क लावून, पाणी मारून, ओली असतानाच काढावी. ताप १००.४ फॅ. झाला की ‘व्हायरल असेल’ म्हणत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. स्टेरॉइडमुळे ताप चढतच नाही असंही होतं. कांजिण्या, गोवर यांच्या जिवंत लसी नकोत. फ्लूचं इंजेक्शन मृत विषाणूचं असतं, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

कोथरूडकर:
क्लॅरिथ्रोमायसिनचं पाकीट फोडलेलं नाही. नेफ्रॉलॉजिस्टना आत्ताच फोन करतो.