‘विश्वासात असणं’ आणि ‘विश्वासात घेणं’

भायखळेकरीण :

परवा ऑफिसात एक सहकारी तावातावाने सांगत होती, “मला विश्वासात न घेता साहेबांनी परस्पर ठरवून टाकलं.” रोज कानावर पडणारं वाक्य. मी मात्र तिथेच अडकले. कारण नऊ वर्षं मी ‘विश्वासात’ होते आणि त्या नऊ वर्षांत मला एकदाही कुणी विश्वासात घेतलं नव्हतं. शब्द तोच, विभक्ती तीच, फक्त क्रियापद वेगळं.

ही बोली ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. मराठी ख्रिस्ती लोकांत, विशेषतः नव्या मंडळ्यांत (म्हणजे चर्चांत), ‘विश्वासात येणं’ म्हणजे येशूला तारणारा म्हणून स्वीकारणं. “मुलगी विश्वासात आहे, घरचे नाहीत.” “नवरा कधी आला विश्वासात?” त्यावरून ‘विश्वासी’ : विश्वासी बंधू, विश्वासी कुटुंब. स्थळ बघतानाही ‘मुलगा विश्वासी असावा’. एरवीच्या मराठीत विश्वासू नोकर असतो, विश्वासी नसतो.

आमचं घर मूळचं नगरकडचं. आजोबा गिरणीत लागले म्हणून मुंबईत आलेलं, रविवारी भायखळ्याच्या जुन्या मराठी चर्चात जाणारं. आजीच्या तोंडून ‘विश्वासात’ कधी ऐकलं नाही. तिचा शब्द भरवसा. देवावर भरवसा होता, दूधवाल्यावर नव्हता, आणि दोन्ही वाक्यं ती एकाच सुरात म्हणायची. कॉलेजात असताना मी एका वेगळ्या गटात गेले. रविवारी उपनगरातल्या भाड्याच्या हॉलमध्ये उपासना, गुरुवारी कुणाच्या तरी घरी ‘संगती’. गटाचं नाव सांगणार नाही. कुणी तर्कही लढवू नयेत ही विनंती.

तिथे शब्द सगळे घरचेच होते, अर्थ तेवढे बदललेले. माझ्यावर एक ‘ताई’ नेमलेली होती. रोज रात्री दहाच्या आत तिला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हिशेब’ द्यायचा : वचन किती वाचलं, किती जणांना सुवार्ता सांगितली, कुणाशी फोनवर बोलले, पगारातलं काय कुठे गेलं. “मला तुझं ओझं आहे” म्हणजे तुझी गोष्ट वरपर्यंत गेली आहे. “याविषयी प्रार्थना केलीस का?” म्हणजे नाही. पुण्यात बरी नोकरी मिळत होती तेव्हा मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मला प्रार्थनाच करायला सांगितली. चौथ्यांदा विचारलं नाही. तोवर मला ती भाषा येऊ लागली होती.

बाहेर पडून आता तीन वर्षं झाली. देव सुटलेला नाही. (भावाला वाटतं सुटायला हवा होता, गटातल्यांना वाटतं केव्हाच सुटला.) प्रश्न असा की जे उरलं आहे त्याला मी म्हणू काय? ‘विश्वास’ म्हटलं की पोटात गोळा येतो. श्रद्धा, भाव, भरवसा, निष्ठा यांत तुम्ही नेमका काय फरक करता?

दादरकर :

व्युत्पत्तीपासून सुरुवात करतो, सवयच आहे. श्रद्धा म्हणजे श्रत् + धा. यातला ‘श्रत्’ हृदयवाचक मुळाशी जोडतात; लॅटिनमधलं ‘क्रेडो’ याचंच भावंड, म्हणजे आपलं क्रेडिट कार्डसुद्धा श्रद्धेचं दूरचं नातेवाईक. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेवर स्वतंत्र सूक्त आहे, १५१ वं. काळीज एका ठिकाणी ठेवणं, असा साधारण भाव.

विश्वास म्हणजे वि + श्वस्. श्वासातला तोच श्वस्. धास्ती न बाळगता मोकळा श्वास घेणं, त्यावरून निर्धास्त असणं, त्यावरून आजचा अर्थ. पोटातल्या गोळ्याला या माहितीचा उपयोग नाही हे कळतं, तरी नोंदवून ठेवतो.

एक गंमत. हिंदीत अंधविश्वास, मराठीत अंधश्रद्धा. डॉ. दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या समितीच्या नावातही अंधश्रद्धाच. मराठीत विश्वास सहसा आंधळा होत नाही, त्याचा घात होतो. आंधळेपणाचा ठपका श्रद्धा बाळगणाऱ्यावर येतो, घाताचा ठपका समोरच्यावर. तुम्ही कुठला शब्द उचलता त्यावर खटला कुणावर चालणार हे ठरतं.

गासकर :

आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे ‘भाविक’. धर्मग्रामातले भाविक, त्यांचे धर्मगुरू. कुणी ‘विश्वासी’ म्हणालं की आम्ही लगेच ओळखतो, पाहुणा नव्या मंडळीतला आहे.

फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात (१६१६) ख्रिस्ताला मानणारे ते ‘भावार्थी’. गोव्यातले ख्रिस्ती कोंकणीत आजही श्रद्धेला भावार्थच म्हणतात. मराठीत त्या शब्दाचं पुढे काय झालं बघा : “खालील ओळींचा भावार्थ लिहा.”

तरी भाव हा शब्द घ्या असं मी सुचवेन. मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेला गेला असालच. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून बांद्र्याला आठवडाभर भरते. मेणाचा पाय, मेणाचा हात, मेणाचं घर, बाळ हवं असेल तर मेणाचं बाळ. घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका मंगळसूत्र-टिकलीवाल्या दिसतात. तू विश्वासात आहेस का, असं तिथे कुणी विचारत नाही. भाव विचारतात तो मेणाचा.

भायखळेकरीण :

गासकर, आमच्या गटात जत्रेला जाणं म्हणजे मूर्तिपूजा होती, त्यामुळे मेणाचे पाय मी पस्तिशीत पहिल्यांदा पाहिले. तसंच मोदकांचं. शेजारच्या काकू दर गणपतीला डबा पाठवतात. नऊ वर्षं मी तो दारात हसून घेतला आणि तसाच खाली वॉचमनला नेऊन दिला, कारण ‘दाखवलेलं’ खायचं नाही. बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षी ओट्याशी उभी राहून, झाकण अर्धवट उघडं ठेवून खाल्ला. कुणी बघत असल्यासारखा. पहिल्या दोन मोदकांची चव काही लागली नाही. तिसऱ्याची लागली. काकू अजून दर वर्षी विचारतात, “सारण कोरडं नव्हतं ना झालं?” आणि मला त्यांना आधीच्या नऊ वर्षांचं अजून सांगता आलेलं नाही.

घाटकोपरकर :

रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून (म्हणजे ब्रेनवॉशिंगमधून) बाहेर आलेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन १९६१ साली तिची आठ लक्षणं मांडली होती. त्यातलं एक लक्षण भाषेचंच आहे : नेहमीच्या शब्दांवर गटाचा अर्थ लादायचा, आणि गुंतागुंतीच्या प्रश्नाला एका ठरलेल्या वाक्याने झाकण घालायचं. “प्रार्थना केलीस का?” हे अगदी त्यातलं.

विक्रोळीकर :

शब्दांवर इतका राग कशाला? मीसुद्धा विश्वासात आहे. आमच्या मंडळीत हेच सगळे शब्द आहेत आणि कुणी कुणाचा फोन तपासत नाही. लॉकडाऊनमध्ये आमच्या चाळीत घरोघर शिधा पोचवणारी माणसं ‘ओझं आहे’ म्हणूनच पोचवत होती. बिघडली असतील तर माणसं, शब्द नाहीत.

पाळकाचा मुलगा :

विक्रोळीकरांशी बराचसा सहमत, पण ‘अधीन’ हा शब्द यादीत कसा नाही? विसरलात की टाळलात?

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या १३ व्या अध्यायातलं १७ वं वचन असल्या गटांत पाठ करून घेतात. मराठीत ते ‘आज्ञेत राहा’ आणि ‘अधीन असा’ असं येतं. ‘आज्ञेत राहा’च्या जागी ग्रीकमध्ये ‘पेइथो’ या धातूचं रूप आहे. पेइथो म्हणजे पटवणं. या रूपात पटणं, आणि त्यावरून ऐकणं. नव्या करारात विश्वासासाठी येणारा ‘पिस्तिस’ हा शब्दही याच कुळातला. भाषांतर चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, ‘ऐकणं’ हा अर्थ तिथे बसतो. पण पटण्याचा वास मराठीत येईपर्यंत उडून गेला.

रोजचे हिशेब आणि नेमलेल्या ताया हे मुंबईत उगवलेलं नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत, फोर्ट लॉडरडेलच्या पाच बायबल-शिक्षकांभोवती एक चळवळ उभी राहिली होती. प्रत्येकावर एक मेंढपाळ; लग्न, नोकरी, पैसा, सगळं त्याला विचारून. त्या मेंढपाळाच्या छत्राला ते ‘आवरण’ अशा अर्थाचा शब्द वापरत. पुढे त्या पाचांतल्या बॉब ममफर्ड यांनी जाहीर माफी मागितली. माफी मागितली म्हणून शब्द परत जात नाहीत. जगभर पसरले ते पसरले.

आणि संस्था सोडली म्हणून ख्रिस्त सुटत नाही, याला आपल्याकडचं उदाहरण कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं आहे. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना तिथे जागा. मिशनशी त्यांचं भांडण नव्हतं, फक्त त्या चौकटीत मावत नव्हते. तुमचं प्रकरण वेगळं आहे, पण दरबार हा शब्द मला फार आवडतो. दरबारात गाऱ्हाणंसुद्धा घेऊन जाता येतं.

भायखळेकरीण :

‘आवरण’ आमच्याकडेही होतं. “तू आवरणाबाहेर जाते आहेस.” शब्द असा परदेशातून आलेला असेल हे माहीत नव्हतं, मला तो बायबलमधलाच वाटायचा. आणि ‘अधीन’ टाळला होता, बरोबर ओळखलंत.

विक्रोळीकर, तुमचं अर्धं मान्य. माझी मावशी नर्स आहे. मी गट सोडल्याचं कळल्यावर ती लिफ्ट बंद असताना चार मजले चढून डबा घेऊन आली आणि दारातच धापा टाकत म्हणाली, “मला तुझं ओझं होतं गं.” त्या वाक्याला असाही अर्थ असतो हे तेव्हा नव्याने कळलं. पण माणसं गेली तरी शब्दांची सवय मागे राहते. अजून रात्री दहा वाजत आले की हात फोनकडे जातो.

दोन दिवस ‘पटणं’ डोक्यात घोळतंय. “विश्वास ठेव” असं दुसऱ्याला सांगता येतं. “विश्वास बस” असं सांगता येत नाही. बसायचा तर तो आपल्या पायांनी येऊन बसतो, आणि उडायचा तर न विचारता उडतो. पटण्याचंही तसंच. ‘पट’ असा हुकूम मराठीत निघत नाही. फार तर ‘पटवून घे’, आणि त्यात आपण स्वतःलाच गंडवतोय हे शब्दातच कबूल केलेलं असतं. आमच्याकडची सगळी वाक्यं ‘ठेव’ची होती. ताईवर ठेव, वडीलजनांवर ठेव, आता पटत नसलं तरी ठेव. नऊ वर्षं मी ठेवत गेले. बसला किती, ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.

श्रद्धा ठेवता येते, पण ती जडतेही. ढळलेली श्रद्धा सावरते, उडालेला विश्वास पुन्हा बसायला वेळ खातो. भरवशाची तऱ्हा आणखी वेगळी. “तुझा काय भरवसा!” असं आपण म्हणतो, “तुझी काय श्रद्धा!” असं कुणी म्हणत नाही. भरवशात समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. आजीने दूधवाल्याला तोंडावर ऐकवलं होतं, पाण्याचा भाव वेगळा सांग म्हणून. देवालाही ती अशीच ऐकवायची, आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा तर फारच.

आणि एक वाक्य ज्यात यातला कुठलाच शब्द लागत नाही. सकाळच्या लोकलमध्ये उभी बाई बसलेल्या अनोळखी बाईच्या मांडीवर बॅग देते. डबा, पाकीट, छत्री, सगळं त्यात. तिथे कुणी विश्वास ठेवत नाही, बॅग ठेवतात.

लेखापाल :

‘हिशेब’वरून एक. ‘विश्वस्त’ हा शब्द कुणाला कसा सुचला नाही? आपल्याकडे सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय वरळीला. विश्वस्त म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला आहे तो. हिशेब ठेवायचा त्याने, तपासून घ्यायचा त्याने, दाखल करायचा त्याने. माझा निम्मा सप्टेंबर त्याच फायलींत जातो. विश्वास टाकणाऱ्याने विश्वस्ताला रोज रात्री हिशेब द्यायचा, असं कलम मी तरी कुठे पाहिलं नाही.

भायखळेकरीण :

लेखापाल, हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले.

तूर्त आजीचा भरवसा घेते. दादरकर, मोकळा श्वास वगैरे खरं असणार, पण ‘विश्वास’ मला अजून ताईच्या आवाजात ऐकू येतो. तो शब्द काही दिवस तुमच्याकडेच राहू द्या. भाव आवडला, पण आमच्या जुन्या चर्चात म्हणून पाहिला तर उपरा वाटला.

जाता जाता आणखी एक शब्द, त्याच्यासाठी वेगळा धागा काढायला हवा : ‘बघते’. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असावं, या मत्तयच्या शुभवर्तमानातल्या वचनाचा आधार देऊन आमच्याकडे या शब्दाला बंदीच होती. गुरुवारी येणार का? होय. सुट्टीत घरी जाणार का? नाही. मध्ये काही नाही. काल आईने फोनवर विचारलं, “रविवारी येतेस का चर्चला?” मी म्हटलं, “बघते.” ती म्हणाली, “बरं. आम्ही साडेआठला निघतो.”