मदत हवी आहे: गल्लीतला रस्ता नक्की कुणाचा? अर्ज कुठे करायचा?

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सिमेंट रस्ता झाला. झाला म्हणजे काय, जुना न उकरताच त्याच्यावर नवीन थर ओतला. मागच्या वेळीही हेच केलेलं, त्यामुळे दर खेपेला रस्ता वर आणि घरं खाली. आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, आता एकच दिसते. समोरच्या काकूंकडे तर तीही राहिली नाही, त्या पावसाळाभर वाळूची पोती उंबऱ्याला लावून बसतात. चेंबरची झाकणं मात्र जुन्याच लेव्हलला सोडलीत, म्हणजे भर रस्त्यात वीतभर खोल चौकोन, रात्री टू व्हीलरवाला हमखास आपटतो.

आता विचारायला गेलं की टोलवाटोलवी. नगरपरिषदेत म्हणतात पैसे राज्याचे, काम दुसऱ्या खात्याने केलं, आमच्याकडे फाईलच नाही. त्या खात्यात (नाव मुद्दाम टाकत नाही) म्हणतात आम्ही फक्त करून दिलं, रस्ता नगरपरिषदेचा, आणि पाणी तुंबतंय तो गटारीचा प्रश्न, गटार पण त्यांचीच. बरं, कोपऱ्यावर मोठा फलक आहे, त्यावर 'यांच्या प्रयत्नातून' आणि हसरे फोटो, पण रक्कम किती, ठेकेदार कोण, दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती, यातलं एक अक्षर नाही. घरपट्टी भरताना बरं कुणी म्हणत नाही की तुम्ही आमचे नाही म्हणून.

माझं मत स्पष्ट सांगतो, पटलं नाही तर भांडा. यात एकट्या जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) शिव्या देऊन उपयोग नाही. 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय दिले, त्यात रस्ते सरळ लिहिलेत, ती दुरुस्ती 1993 पासून लागू आहे. पण पैसा आणि हुकूम दोन्ही मुंबईतच. आमची बॉडी 2016 ची, मुदत 2021 च्या शेवटी संपली, मग डिसेंबर 2025 ची निवडणूक होईपर्यंत प्रशासक. घटनेत पाच वर्षांची मुदत लिहिलीय आणि चार वर्षं गावाला नगरसेवकच नाही! नगराध्यक्षाचंही तेच, 2016 ला थेट जनतेतून, 2020 ला ते रद्द, 2022 ला परत थेट. मुंबईत सरकार बदललं की आमच्या गावचा नियम बदलतो. आता निवडून आलेले म्हणतात ते काम आमच्या आधीचं.

तर प्रश्न असा की तक्रार नेमकी कुणाच्या नावाने करू, ठेकेदाराकडून फुकटात दुरुस्ती करून घेता येते का, आणि माहिती अधिकार टाकायचा तर कुठल्या ऑफिसात? वकील वगैरे परवडणार नाही.

बारनिशी:
अर्ज सरळ नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे टाका. 'आमच्याकडे नाही' म्हणून परत पाठवता येत नाही, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे 5 दिवसांत त्यांनीच तो संबंधित कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो. आणि वर्ग केला की ते पत्रच तुमचा पुरावा, फाईल कुणाकडे आहे ते लेखी मिळालं. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 'रस्ता का उकरला नाही' असलं काही विचारू नका, उत्तर येणार माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. कागद मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (एमबी) प्रत, नगरपरिषदेचा ना हरकत दाखला. अंदाजपत्रकात जुना रस्ता खोदायची आयटम असेल आणि एमबीत तिचं बिल निघालेलं असेल तर मग मजाच आहे. 30 दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील, 20 रुपये.
दोषदायित्व कालावधी कार्यारंभ आदेशात किंवा करारनाम्यात असतो. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने, त्याची सुरक्षा ठेव त्यासाठीच अडकवलेली असते. म्हणून घाई करा, ठेव एकदा सुटली की कुणी फोन उचलत नाही.

खडी_वर_आली:
धागाकर्त्याशी थोडा असहमत. आमदाराला वर्षाला 5 कोटी स्थानिक विकास निधी मिळतो, तो नसता तर तुमच्या गल्लीत हाही रस्ता झाला नसता. 1999 ला नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून राज्याचं सहायक अनुदान आलं की पगार, अशी गत आहे. स्वतःच्या जिवावर रस्ता करणारी नगरपरिषद दाखवा मला.
बाकी मदत म्हणाल तर लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकायचा दिवस, कलेक्टर ऑफिसात महिन्याचा पहिला सोमवार. विहित नमुन्यात 15 दिवस आधी अर्ज द्यायचा. पण तक्रार वैयक्तिक पाहिजे. 'गल्लीचा रस्ता खराब' लिहिलं की सार्वजनिक स्वरूपाची म्हणून बाजूला. 'माझ्या घरात पाणी शिरतं' असं लिहा, घर नंबर आणि फोटो लावून.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. @खडी_वर_आली, जकातीचं मान्य, पण मी तेच तर म्हणतोय ना, उत्पन्न काढून घेतलं, मग अनुदान देऊन वर फलक पण लावायचा. निधी नको असं नाही, तो नगरपरिषदेमार्फत खर्च करा म्हणजे निदान जाब विचारायला एक टेबल तरी राहील.
एक शंका, लोकशाही दिनाला गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज चालेल का? काकू एकट्या जायला तयार नाहीत.

बारनिशी:
एकत्र सह्यांचा नको, घरटी वेगळा अर्ज, मजकूर थोडा बदलून. काकूंचा तुम्ही लिहून द्या, सही त्यांची. जाताना सगळे बरोबर जा, कोण अडवतंय. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, नुसत्या सहीला पोच म्हणत नाहीत.