मोनालिसाची चोरी (१९११): पोलिस ढिले की म्युझियमवाले?

दांडियाबाजारकर: स्पष्टच बोलतो, पॅरिसच्या पोलिसांनी ह्या तपासात माती खाल्ली. २१ ऑगस्ट १९११, सोमवार, लूव्र म्युझियम बंद. विन्चेन्झो पेरुजिया, आधी तिथेच चित्रांना काचा बसवायचं काम केलेला माणूस, कामगारांचा पांढरा डगला घालून चित्र उतरवतो, फ्रेम जिन्यात टाकतो आणि चालता होतो. काचेवर अंगठ्याचा ठसा राहिला, आणि पठ्ठ्या आधी अटक झालेला, म्हणजे रेकॉर्डही होतं! वर पोलिस त्याच्या खोलीवर जाऊन जबाब घेऊन आले, चित्र तिथेच पेटीच्या चोरकप्प्यात. आणि धरलं कुणाला, तर अपोलिनेर ह्या कवीला, पिकासोलाही बोलावून घाम फोडला.

रावपुऱ्याची ताई: दादा, आज बसून शहाणपण सोपं आहे हो. अपोलिनेरला उगाच नाही धरलं, त्याच्याकडे राहिलेल्या एका माणसाने लूव्रमधूनच जुने लहान पुतळे ढापले होते आणि ते पिकासोकडे गेले होते, मग कुठलाही पोलिस आधी तिकडेच जाणार ना. आणि ठसा ठसा काय करताय, पोलिसांकडे गुन्हेगारांची ओळख ठेवणाऱ्या बर्तियोंचं सगळं दप्तर शरीराच्या मापांवर लावलेलं, डोकं किती, हात किती. चोराचं नाव नाही, माप नाही, नुसत्या अंगठ्यावरून कार्ड शोधायचं म्हणजे ढिगातलं एकेक उपसत बसा.

दांडियाबाजारकर: ढीग कशाला उपसायचा ताई? माणूस समोर बसलाय, जबाब देतोय, तिथेच शाईत अंगठा बुडवायला काय जात होतं?

ताई: हं, हे मात्र खरं 😅 पण तेवढ्यावरून सगळा तपास बेकार नाही म्हणणार मी.

मांडवीवाला: दोघंही पोलिसांनाच धरून बसलात. मंगळवारी एक चित्रकार चित्र काढायला आला आणि त्याला भिंतीवर नुसते हुक दिसले, गार्ड म्हणे फोटो काढायला नेलं असेल! तोवर एक अख्खा दिवस गेलेला. डायरेक्टरची खुर्ची गेली ते बरोबरच झालं. आपल्याकडे बडोद्याला कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये बघा, सगळी गर्दी व्हेलच्या सांगाड्याला आणि ममीला, पिक्चर गॅलरीत चिटपाखरू नाही, तिथली एखादी युरोपियन फ्रेम उद्या दिसली नाही तर किती जणांच्या लक्षात येईल? (तीच गॅलरी जिचं बांधकाम १९११ मध्ये चालू होतं.)

नवीन_मेंबर: पण पेरुजिया तर देशभक्त होता ना, नेपोलियनने पळवलेलं चित्र इटलीला परत नेलं?

मांडवीवाला: नेपोलियनचा काय संबंध भाऊ, लिओनार्दो स्वतःच ते फ्रान्सला घेऊन गेला, राजा फ्रान्स्वाकडे राहिलं, नेपोलियन जन्मायच्या अडीचशे वर्षं आधी. आणि देशभक्त माणूस दोन वर्षं चित्र दडवून बसतो, मग १९१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या डीलरला पत्र टाकून पैशाची बोलणी करतो होय? तिथेच सापडला तो, पॅरिसच्या पोलिसांना नाही.