मदत हवी आहे: पायथनमधून सी फंक्शनला 'पुणे' पाठवलं की चांदणी (*) छापतंय

मंडळी, पायथनचं सीटाइप्स (पायथनमधून सी लायब्ररीची फंक्शनं बोलावायचं मॉड्यूल) कुणी वापरलंय का? दोन दिवस झाले, डोकं फुटायची वेळ आलीये.

ऑफिसात पार्सलची लेबलं छापायला एक जुनी सी लायब्ररी आहे, लिहिणारा केव्हाच सोडून गेला, माझ्याकडे फक्त एसओ फाइल (तयार, कंपाइल केलेली लायब्ररी) आणि हेडर (फंक्शनं काय घेतात, काय देतात त्याची यादी), आणि ती मला पायथनमधून चालवायचीये. ओपन फंक्शन एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत देतं, तो बाकीच्यांना द्यायचा. उत्तर प्रिंट केलं तर कधी चक्क उणे आकडा, आणि पुढच्या फंक्शनला दिला की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीच्या चुकीने प्रोग्रॅमच बंद. रेसटाइपला (परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार) सी_व्हॉइड_पी, म्हणजे पॉइंटरचा प्रकार, लावून बघितलं, आता १४ अंकी आकडा येतो, तरी धाडकन बंद पडतंच. गंमत म्हणजे जुन्या ३२ बिट मशीनवर हेच चालत होतं.

लायब्ररीवर उगाच खापर नको म्हणून लिबसीच्याच (सीची नेहमीची लायब्ररी) स्ट्रलेनला, म्हणजे स्ट्रिंगची बाइटमधली लांबी मोजणाऱ्या फंक्शनला, 'पुणे' दिलं, उत्तर २! इंग्रजीत लिहून दिलं तर १. पुट्स या छापायच्या फंक्शनने छापलं तर नुसती चांदणी. आणि लिबएम या गणिताच्या लायब्ररीतल्या स्क्वेअर रूटला २५ दिले तर भलताच आकडा, २५.० दिले तर आर्ग्युमेंट एरर. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
अहो, सीटाइप्स तुमचं हेडर वाचतच नाही. सांगितलं नाहीत तर परत येणारं ते इंट (सीचा साधा पूर्णांक) धरतं आणि जाणारा पूर्णांकही इंट म्हणूनच पाठवतं, म्हणजे ३२ बिट, आणि ६४ बिट मशीनवर पत्ता असतो ६४ बिटांचा. रेसटाइप लावल्यावर पत्ता अख्खा आला, पण पुढे देताना परत अर्धा कापला. आर्गटाइप्समध्येही (फंक्शनला जाणाऱ्या गोष्टींचे प्रकार) सी_व्हॉइड_पी टाका, मग पडणार नाही.

'पुणे'चा किस्सा भारी आहे. पायथनची स्ट्रिंग वाइड कॅरेक्टर म्हणून जाते, लिनक्सवर एकेकाला ४ बाइट. 'प'चा युनिकोड ०९२ए, मेमरीत उलटा पडतो: २ए, ०९, ००, ००. २ए म्हणजे चांदणी, ०९ म्हणजे टॅब, पुढे शून्य दिसलं की सी थांबलं (सीमध्ये शून्य बाइट म्हणजे स्ट्रिंगचा शेवट), म्हणून २. यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून बाइट्स द्या.

प्रतिसाद २:
स्क्वेअर रूटचं राहिलं. ६४ बिट इंटेल-एएमडीवर पूर्णांक प्रोसेसरच्या एका रजिस्टरमधून (छोट्या कप्प्यातून) जातो आणि डबल (दशांशवाली संख्या) दुसऱ्याच, त्यामुळे तुमचे २५ त्या फंक्शनला दिसलेच नाहीत, तिथे जो कचरा पडला होता त्याचं वर्गमूळ निघालं. आर्गटाइप्स आणि रेसटाइप दोन्हीकडे सी_डबल लावा. एरर आली तेव्हा उलट नशीब म्हणायचं, गुपचूप चुकलेलं जास्त छळतं.

धागाकर्ता:
स्ट्रलेन १२ आलं!! प, उकार, ण, मात्रा, प्रत्येकी ३ बाइट, हिशोब जुळला. वर्गमूळही ५.०. लेबलही निघालं, फक्त उकार 'प'खाली न बसता शेजारी सुटा उभा आहे, पण ते प्रिंटरच्या फाँटचं लफडं दिसतंय, त्याचा वेगळा धागा काढतो.