मदत हवी आहे: रेव्हिटमध्ये लाइट सीलिंगच्या ग्रिडवर बसत नाहीयेत (अर्जंट)

तिरकी_रेघ
लोकहो, डोकं पिकलंय. रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) ऑफिसच्या हॉलचा आरसीपी, म्हणजे छताचा नकाशा, करतेय. ग्रिड सीलिंग (चौकटींत टाइल बसवलेलं खोटं छत) टाकलं, त्यावर दोन बाय दोन फुटी म्हणतात ते एलईडी पॅनल. पहिला पॅनल चौकटीत नेमका बसतो, बाकीचे बसत नाहीत. अलाइन (कड रेघेला जुळवायची कमांड) वापरून झालं. उद्या सकाळी क्लायंटला शीट द्यायच्यात आणि सर जाताना "तेवढं सरळ करून घे" म्हणून गेले. लवकर सांगा. "मॅन्युअल वाचा" सांगायला आलेल्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

गुण्या
"बसत नाहीत" म्हणजे नक्की काय होतं? जागचे हलत नाहीत, की हलून भलतीकडे जातात? सीलिंग तुमच्याच फाईलमध्ये आहे की लिंक केलेल्या दुसऱ्या फाईलमध्ये? लाइटची फॅमिली (तयार घटक) सीलिंग-होस्टेड (सीलिंगलाच बांधलेली) की फेस-बेस्ड (कुठल्याही पृष्ठभागावर बसणारी)? रेव्हिटचं व्हर्जन?

ओळंबा
एवढ्या चौकशीची गरज नाही. अलाइनचा क्रम उलटा होत असणार. आधी ग्रिडची रेघ, मग लाइटची कड. आधी लाइट पकडलात तर लाइट तिथेच राहतो आणि ग्रिड सरकून त्याच्याकडे येतं. रेघ उजळत नसेल तर तिच्यावर माउस ठेवून टॅब दाबत राहा.

रंधा
ऑटोकॅडला हॅच (रेघांची जाळी) टाका, ओरिजिन कोपऱ्यात घ्या, लाइटचा ब्लॉक ॲरे करा (सारख्या अंतरावर प्रती). चहा येईपर्यंत शीट तयार. या रेव्हिटने पोरांचे हात बांधून ठेवलेत.

तिरकी_रेघ
@ओळंबा क्रम बरोबर आहे हो. @रंधा दादा, मॉडेल रेव्हिटमध्येच द्यायचंय, करारात लिहिलंय. @गुण्या लिंक नाही, सगळं एकाच फाईलमध्ये. फॅमिलीचं बघून सांगते.

लक्समीटर
लाइट किती घेताय आणि कशाच्या आधारावर? आयएस ३६४६ या प्रकाशयोजनेच्या भारतीय मानकात सर्वसाधारण कार्यालयांसाठी ३००-५००-७५० लक्स (प्रकाशाचं माप) अशी श्रेणी दिलेली आहे. आधी पॅनलचे लुमेन, खोलीचा आकार, छत आणि भिंतींचा रंग धरून संख्या काढा, मग ग्रिडकडे वळा. हल्ली आधी सीलिंग सजवतात आणि मग टेबलावर अंधार पडला म्हणून रडतात. वॉटेज काय आहे?

गुण्या
@लक्समीटर त्यांनी ते विचारलेलंच नाही.
@तिरकी_रेघ फॅमिली उघडून कडेच्या रेफरन्स प्लेन (माप धरायच्या आधाररेघा) बघा. 'इज रेफरन्स' या ठिकाणी 'नॉट अ रेफरन्स' असेल तर प्रोजेक्टमध्ये ती प्लेन अलाइनला सापडत नाही. आणि फॅमिली सीलिंग-होस्टेड असेल तर आत्ताच बदलून फेस-बेस्ड घ्या. सीलिंग डिलीट झालं की होस्टेड लाइटही त्याच्याबरोबर जातात.

ओळंबा
जायलाच हवेत! सीलिंगच नाही तर लाइट हवेत लटकवणार का? फेस-बेस्डवाले लाइट मागे राहतात, होस्टच्या जागी 'नॉट असोसिएटेड' दिसतं, आणि कोणी बघितलं नाही तर शेड्यूलमध्ये (मोजदादीच्या तक्त्यात) मोजलेही जातात.

गुण्या
आणि उद्या इलेक्ट्रिकलवाल्याने आर्किटेक्टची फाईल लिंक करून घेतली की? लिंकमधल्या सीलिंगवर सीलिंग-होस्टेड फॅमिली बसतच नाही. लिंकमधले घटक आपल्या फाईलमध्ये घ्यायच्या कॉपी-मॉनिटरच्या यादीतही सीलिंग नाही. तेव्हा फेस-बेस्डच लागतं.

ओळंबा
लिंक नाही म्हणून त्यांनी वर स्पष्ट सांगितलंय.

सातारी_साइट
कागदावर काहीही करा, साइटवर पॅनल ५९५ बाय ५९५ मिमीचा येतो. टी-सेक्शन (ग्रिडच्या पट्ट्या) मध्य ते मध्य ६००. पॅनल टीच्या ओठावर बसतो, म्हणून तेवढी फट ठेवलेली असते. फॅमिली ५९५ ची काढून तिची कड ग्रिडच्या रेघेला चिकटवली तर एका बाजूला ५ मिमी उरणारच. फॅमिलीत ६०० वर वेगळ्या रेफरन्स प्लेन ठेवा आणि त्या अलाइन करा. आणि कृपा करून पॅनलला स्लॅबमधून वेगळी तार दाखवा. सगळं वजन ग्रिडवर टाकणारी ड्रॉइंगं बघून कंटाळा आलाय.

तिरकी_रेघ
फॅमिली फेस-बेस्ड आहे. रेफरन्स प्लेन ६०० वरच आहेत, 'स्ट्राँग रेफरन्स'. ५ मिमीचा प्रश्न नाहीये हो, शेवटचा पॅनल चक्क टाइलच्या बाहेर पडतोय!

फुटपट्टी
हे शेवटचं वाक्य पहिल्या पोस्टमध्ये असतं तर बरं झालं असतं. बाकीचे पॅनल कसे ठेवलेत? एकेक ठेवून अलाइन केले, कॉपी केले, की ॲरे? अंतर किती दिलं? आणि शेवटचा पॅनल किती मिमी बाहेर आहे ते मोजून सांगा. अंदाज नको.

रंधा
ऑटोकॅडमध्ये मोजावं लागत नाही.

तिरकी_रेघ
पहिला अलाइन केला, मग ॲरे. एका ओळीत सहा, एक टाइल सोडून एक, म्हणजे १२०० अंतर. सहावा मोजला. ९६ मिमी.

फुटपट्टी
सापडलं. तुमचं ग्रिड ६०० चं नाही, दोन फुटांचं आहे. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी. एक टाइल सोडून पुढे गेलं की ग्रिड १२१९.२ जातं आणि तुमचा ॲरे १२००. दर लाइटमागे १९.२ चा फरक. सहा लाइटमध्ये पाच अंतरं, ५ गुणिले १९.२ म्हणजे बरोबर ९६. अलाइनचा यात काहीच संबंध नाही.

तिरकी_रेघ
पण टाइपचं नाव "६०० बाय ६०० ग्रिड" आहे!

फुटपट्टी
नाव कोणीही काहीही ठेवतं. सीलिंगचं ग्रिड म्हणजे मटेरियलवरचा सरफेस पॅटर्न (पृष्ठभागावरच्या रेघा). सीलिंगच्या टाइपमध्ये जा, एडिट स्ट्रक्चर, खालच्या फिनिशचं मटेरियल उघडा, ग्राफिक्समध्ये फोरग्राउंड पॅटर्न बघा. तिथे २४ इंच दिसेल. इंपीरियल (फूट-इंचांच्या) टेम्प्लेटमधला, म्हणजे तयार साच्यातला, टाइप कोणीतरी उचलून नुसतं नाव बदललेलं असणार.
तोच पॅटर्न बदलू नका, नवा करा. प्रकार 'मॉडेल', क्रॉसहॅच (आडव्या-उभ्या रेघा), दोन्ही अंतरं ६००. 'ड्राफ्टिंग' निवडलात तर रेघा दिसतील पण अलाइन होणार नाहीत. मटेरियलचीही डुप्लिकेट काढा, नाहीतर ज्या ज्या सीलिंगला तेच मटेरियल आहे ती सगळी बदलतील.

गुण्या
मी 'मॉडेल की ड्राफ्टिंग' हेच विचारणार होतो.

ओळंबा
हो, हो.

तिरकी_रेघ
२४ इंचच निघालं!! टेम्प्लेट ऑफिसचं आहे, मी यायच्या आधीपासूनचं. आता सहाही पॅनल बसले. पण नवीन भानगड: एका भिंतीला टाइलची अगदी बारीक पट्टी येतेय, आधी येत नव्हती. तशीच देऊन टाकू का?

सातारी_साइट
अजिबात नको. ती पट्टी कापताना टाइलवाला तुम्हाला शिव्या घालेल. हॉल किती आहे त्या दिशेला?

तिरकी_रेघ
भिंत ते भिंत ८५०० मिमी. ग्रिड डाव्या भिंतीपासून सुरू केलंय.

सातारी_साइट
मग बरोबर. १४ टाइलना ८४०० लागतात, उरतात १००. तुमच्या दोन फुटी ग्रिडमध्ये १३ टाइल बसून ५७५ उरत होते, ते जवळजवळ अख्ख्या टाइलसारखं दिसत होतं, म्हणून आधी कळलं नाही. नियम सोपा, भिंतीलगतची टाइल अर्ध्याहून लहान नको. १३ अख्ख्या ठेवा, ७८०० होतात, उरलेले ७०० दोन्ही भिंतींना ३५०-३५० वाटून द्या. शिवाय १३ मध्ये सहा लाइट दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा टाइलवर ठेवलेत तर बाराव्यावर संपतात, दोन्हीकडे सारखं. दुसरी दिशाही अशीच तपासा.

फुटपट्टी
ग्रिड सरकवायला टॅबने एक रेघ पकडा आणि मूव्ह करा, सगळं ग्रिड बरोबर येतं. अलाइनला कुलूप लावलं नसेल तर लाइट मागे राहतील. म्हणून आधी ग्रिड, मग पहिला लाइट, मग ॲरे.

तिरकी_रेघ
झालं! ३५०-३५०, लाइट मधोमध. @फुटपट्टी @सातारी_साइट खूप खूप आभार. आता एसीचे डिफ्यूझर राहिलेत, त्यांचा वेगळा धागा काढते.

लक्समीटर
वॉटेज अजून सांगितलं नाहीत.

नवा_सभासद_आर्च
नमस्कार, मस्त माहिती. ते ६०० वालं मटेरियल कोणी मला पाठवेल का? मी रेव्हिट नाही, आर्किकॅड वापरतो.

गुण्या
आर्किकॅडमध्ये रेव्हिटचं मटेरियल घेऊन काय करणार तुम्ही? आधी व्हर्जन सांगा.